रस्त्यापलीकडचे प्रस्थान

महूच्या छावणीत थंडीच्या दिवसांत पलटणींचे फुटबॉलचे सामने लागत, त्या काळातली ही गोष्ट. १९०८ च्या आगेमागे. स्कॉटलंडातली पलटण, आयर्लंडातली पलटण, खास इंग्लंडातली पलटण, अशा मुलखामुलखांच्या टीमा एकमेकींशी झुंजत. पुढे पुढे आपल्या लोकांचीही एखादी टीम त्यांत घेऊ लागले. आपली पोरे अनवाणी खेळत आणि समोर बूट घातलेले सोजीर. ते बघायला देवासहून, धारहून, उज्जैनहून माणसे जात. देवासचा कुणी जायला निघाला की आधी नर्मदाबाईंच्या ओसरीवर येऊन बसे.

"अक्का, महूला जायचंय. काय काय न्यावं?"

नर्मदाबाईंना सगळा गाव अक्काच म्हणे. माहेर धारचे, सासर देवासचे. नवरा थोरल्या पातीच्या राजाच्या दप्तरात कारकून होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हते. धारला धाकटे भाऊ अण्णा होते. त्यांची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिचे तान्हे पोर अक्कांनी पदराखाली घेतले आणि देवासला आणले. तो श्रीपाद. तो आता शाळा संपवून दप्तरात उमेदवारी करत होता, आणि फुटबॉलचे त्याला वेड होते.

शाळेतले उमाशंकर मास्तर दरसाल गाडी करून ओळखीच्या मंडळींना महूला नेत. ही मंडळी बाहेरचे खाणारी नव्हती, म्हणून मास्तरांनी एके वर्षी अक्कांना स्वयंपाकाला बरोबर घेतले. मग ते दरसालचेच झाले. अक्कांनी स्वतः एकही सामना पाहिला नाही. मैदानावर आपल्या बायकांनी जायची रीतच नव्हती. पण देवळाच्या ओवरीत चुलीपुढे बसून गलक्यावरून त्यांना सगळे कळे. गोऱ्यांचा गोल झाला की लगेच शिट्ट्या आणि गाणी. आपल्यांचा झाला की आधी चिडीचूप, आणि मग कुठून तरी भीत भीत उठलेली आरोळी.

सल्ला विचारणाऱ्याला त्या तांदूळ निवडता निवडता सांगत. "बैल मध्यम वयाचे घ्या, तरणे बैल बिगूल ऐकून बुजतात. क्षिप्रेचा पूल उजेडी ओलांडा. इंदुरात मुक्काम नात्यातल्यांकडे, सरायीत नको. छावणीच्या हद्दीत झोपायचं नाही. हद्दीबाहेर राममंदिराच्या ओवऱ्या आहेत, तिथल्या पुजाऱ्याला माझं नाव सांगा. पाणी देवळाच्या विहिरीचं. मैदानावर दोरीच्या अलीकडेच उभं राहायचं. हातात काठी नको, छत्री मिटलेली. सोजीर पडला तर हसायचं नाही. तो स्वतः उठून हसला, तर मग तुम्ही हसा. आणि सामना संपला की बाजाराच्या रस्त्याला लागू नका, त्या वेळी ते लोक दारूच्या दुकानाकडे निघालेले असतात."

"अक्का, तुम्ही पलटणीत सुभेदार व्हायला हव्या होतात," मास्तर म्हणत.

"नको रे बाबा. मला तर बिगूल वाजला की धडकी भरते."

आणि ते खरे होते. अक्का मुळात फार भित्र्या. ही सारी माहिती त्यांना भीतीनेच शिकवली होती. बैल बुजल्यावर त्या गाडीखाली आल्या होत्या. क्षिप्रेच्या पुलावर अंधारात त्यांनी जीव मुठीत धरला होता. ज्या ज्या ठिकाणी त्यांचे काळीज एकदा लटपटले, ते ठिकाण त्यांच्या पक्के ध्यानात राहिले.

सगळ्यांत मोठी भीती गाठीच्या तापाची. त्या वर्षांत प्लेग माळव्यात आज इथे तर उद्या तिथे असा फिरत होता. इंदूरच्या वेशीवर, महूच्या तोंडाशी तपासणीचे नाके बसले होते. डॉक्टर नाडी बघे, काखेत हात घाली, आणि संशय आला की माणसाला माळावरच्या झोपड्यांत नेऊन टाकीत. तिथून माणूस परत येत नाही, तिथे औषध म्हणून भलतेच काही देतात, असे लोक कुजबुजत. म्हणून अक्कांच्या सल्ल्यात एक गोष्ट असे, आणि तिच्यासाठीच लोक मुद्दाम येत. "नाक्याच्या अलीकडे गाडी उभी करा. थंड पाण्याने तोंड धुवा, कपाळावर ओला पंचा धरा. कणकण असली तर चार लवंगा चावून रामाचं नाव घ्या, म्हणजे नाडी धावत नाही. विचारलं तर म्हणायचं, उन्हानं अंग तापलंय." अशा रीतीने किती माणसे नाका पार करून गेली, देव जाणे. सगळी येऊन अक्कांच्या पाया पडत.

त्या वर्षी पंचांगात निघायचा चांगला दिवस आला तो मास्तरांची सुट्टी सुरू व्हायच्या आधीचा. असे झाले की आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. चांगल्या वेळेला हळदकुंकू लावून सुपारी, तांदूळ आणि अंगावरचे एखादे वस्त्र गाठोड्यात बांधायचे आणि ते घराबाहेर, जमल्यास सीमेपलीकडे, कुणाकडे नेऊन ठेवायचे. म्हणजे निघालो असे झाले. मग खरोखर निघताना ते उचलायचे आणि मागे न बघता पुढे जायचे.

देवासात सीमा शोधायला लांब जावे लागत नसे. गाव एकच, पण राज्ये दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, शिपाई दोन तऱ्हेचे. टेकडीवरच्या देवीही दोघी बहिणी. अक्कांचे घर थोरल्या पातीत. समोर रस्ता ओलांडला की भवानीबाईंचा वाडा, तो धाकट्या पातीत. भवानीबाईंचे यजमान मल्हारराव तिकडच्या दरबारी होते. दोघी बायकांचा जुना घरोबा.

"अक्का, अहो पलीकडच्या दारात कसलं प्रस्थान?" मास्तर हसले. "इथून दिसतंय ते!"

"दिसू दे. राज्य दुसरं आहे ना? मग सीमा ओलांडली. ज्यांचं राज्य एकच आहे त्यांनी जावं की मैलभर चालत."

श्रीपादची लोकरीची शाल त्यांनी गाठोड्यात बांधली, थंडीत तीच लागणार म्हणून, आणि रस्ता ओलांडला. भवानीबाई दारातच उभ्या होत्या. एरवी त्या "या, बसा, हळदकुंकू घ्या" म्हणत. त्या दिवशी त्यांनी अक्कांना आत बोलावले नाही. घरातून निंबाच्या पाल्याचा धूर येत होता.

"डास फार झालेत," भवानीबाई म्हणाल्या. "द्या ते. आमच्या धान्याच्या कोठीत ठेवते. तिथं कुणी हात लावायचं नाही."

"बरं वाटत नाही का तुम्हांला?"

"झोप नाही, दुसरं काय."

सुट्टी लागल्यावर पहाटे गाडी निघाली. श्रीपादने रस्ता ओलांडून गाठोडे आणले, तिथल्या तिथे सोडले आणि शाल अंगावर लपेटून घेतली. क्षिप्रा उजेडी ओलांडली. इंदूरच्या नाक्याअलीकडे सगळ्यांनी अक्कांच्या सांगण्याप्रमाणे तोंडे धुतली. डॉक्टरने नाड्या बघितल्या आणि सोडून दिले. महूला राममंदिराच्या ओवऱ्या भरलेल्या होत्या, उज्जैनची दोन बिऱ्हाडे पोराबाळांसकट आली होती. पुजाऱ्याने अक्कांची नेहमीची कोपऱ्यातली ओवरी राखून ठेवली होती. धारहून अण्णाही शेवटच्या सामन्याला येणार होते. श्रीपादचे पाय जमिनीवर नव्हते.

पहिले सामने झाले. श्रीपाद आणि मास्तर रोज घसा बसवून येत आणि जेवता जेवता भांडत.

"मास्तर, तो गोल नव्हता. बॉल बाहेरून आला होता."

"तू दोरीपाशी, मी दोरीपाशी. तुला दिसलं नि मला नाही?"

"तुमचा चष्मा घरी राहिलाय ना, म्हणून."

एके दिवशी दुपारी सगळे मैदानावर गेलेले असताना अक्का कणीक मळत होत्या. ओवरीच्या पायरीशी मानाजी येऊन उभा राहिला. मल्हाररावांच्या पागेतला स्वार, मोठ्या आवाजाचा, हसतमुख माणूस.

"राम राम, अक्कासाब! ओळखलं का?"

"अरे मानाजी, तू कसा इकडे?"

"आलो तमाशा बघायला. आता देवासात बसून करायचं काय, अक्कासाब? वाडा बंद. सगळी मंडळी माळावर झोपड्यांत."

"माळावर? का रे?"

"चूहे पडले ना घरात." तो पायरीवर टेकला, शेंगा फोडू लागला. "पहिला पडला तो बाईसाहेबांनी गुपचूप पुरायला लावला. मीच पुरला. म्हणाल्या, दवंडी पिटली तर भर थंडीत लेकराबाळांना घेऊन घर सोडावं लागेल, कुणाला बोलू नको. मग कोठीत एकदम चार-पाच मेले, तेव्हा लपवणार कसं?"

अक्कांचे हात कणकेत तसेच राहिले. "कोणत्या कोठीत?"

"धान्याच्या."

"पहिला कधी पडला, मानाजी?"

"तुमचं ते गाठोडं आलं ना, त्याच्या आधीच." मानाजीच्या हातातली शेंग फुटायची राहिली. तो अक्कांकडे बघू लागला. "का हो? काय होतं त्यात?"

उंदीर मेला की त्याच्या पिसवा कपड्यात शिरतात आणि कपड्यातून माणसाकडे येतात, हे मास्तरांनीच अक्कांना एकदा वर्तमानपत्रातून वाचून दाखवले होते. पहाटे रस्त्यात उभा राहून शाल झटकन अंगावर घेणारा श्रीपाद त्यांना दिसला. त्या शालीत तो रोज झोपत होता. आत्ता मैदानावरही ती त्याच्या खांद्यावर होती.

मैदानावर धावत जावे असे त्यांना वाटले. गेल्याही त्या, देवळाच्या फाटकापर्यंत. पुढे गर्दी, घोडे, लाल कोट. परत येऊन त्या माळ घेऊन बसल्या, पण मणी पुढे सरकेना. गलका उठला, शिट्ट्या झाल्या, गाणी झाली. कुणी जिंकले, कुणी हरले, त्यांच्या कानांपर्यंत काही पोचले नाही.

दिवेलागणीला श्रीपाद आला तो गप्पच. मास्तर बोलत होते, तो नाही. येऊन भिंतीशी बसला.

"आत्या, डोकं फार दुखतंय. आज जास्तच ओरडलो."

अक्कांनी कपाळाला हात लावला. भाजत होते. त्यांनी चुलीतला चिमटा घेतला, त्याच्या खांद्यावरची शाल चिमट्याने ओढली आणि चुलीत कोंबली. जळक्या लोकरीचा वास सगळ्या ओवरीत पसरला.

"अहो अक्का! चांगली शाल! काय करताय?" मास्तर ओरडले.

अक्कांनी त्यांना बाहेर नेऊन मानाजीने सांगितलेले सगळे सांगितले. मास्तरांचा चेहरा उतरला. बोलता बोलता ते एक पाऊल मागे सरकले. अक्कांनी ते पाहिले आणि त्यांना राग आला नाही. त्यांना स्वतःलाही मागेच सरकावेसे वाटत होते.

"कुणाला काही बोलू नका," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मी गाडी जुंपायला सांगतो. आत्ताच निघू. नाका सोडून शेताशेतांतून जाऊ. तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलंत."

"तो वाटेत..." अक्का म्हणाल्या.

"साधा ताप असेल. थंडीचा असेल. पण नाक्यावर कळलं तर त्याला नेतील आणि आपल्या सगळ्यांना कोंडतील. तिथून कोण परत आलंय, अक्का?"

अक्का आत गेल्या. श्रीपादच्या कपाळावर त्यांनी ओला पंचा ठेवला. सवयीने लवंगांची पुरचुंडी काढली. श्रीपाद डोळे मिटून होता.

"आत्या, जांघेत ठसठसतंय."

"चालून चालून दुखत असेल."

"नाही. आत काही तरी आहे. बोराएवढं."

अक्कांनी पुरचुंडी न सोडताच बाजूला ठेवली. तेवढ्यात शेजारच्या उज्जैनकरांचे रांगते पोर ओवरीच्या कडेने आले. रोज श्रीपाद त्याच्याकडे लिंबू घरंगळत सोडी आणि ते खिदळत लिंबामागे जाई. आजही ते हसत श्रीपादच्या अंथरुणाशी आले आणि त्याच्या पायावर हात ठेवून उभे राहू लागले. अक्कांनी झडप घालून पोर उचलले. ते घाबरून रडू लागले. त्याची आई धावत आली.

"काय झालं, अक्का? मारलंत का माझ्या बाळाला?"

"घेऊन जा याला. या ओवरीत पाठवू नका. लांब ठेवा."

त्या बाईने आधी अक्कांकडे बघितले, मग श्रीपादकडे, आणि पोराला उराशी धरून ती तशीच मागे गेली.

अक्का खाली बसल्या. त्यांच्या सांगण्यावरून कितीजण थंड पाण्याने तोंड धुऊन नाका पार करून गेले होते. ते पुढे कुणाच्या ओवरीत उतरले, कुणाच्या पोराने त्यांच्या पायाला हात लावला, हा विचार त्यांच्या मनात आजवर कधी आला नव्हता. आता तो आला, आणि आला तो जाईना. गाडीत घालून नेले तर थंडीत, धक्क्यांत श्रीपाद वाटेतच जाईल. इथे लपवले तर ही सगळी माणसे. आणि सांगितले, तर माळावरच्या झोपड्या. माळावरच्या झोपड्यांची त्यांना मरणाहून जास्त भीती होती. त्यांनी रामाच्या देवळाकडे बघितले. आतून शेजारतीची घंटा वाजत होती. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मास्तरांना काही न सांगता नाक्याकडे चालू लागल्या.

नाक्यावर कंदील होता. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी अक्कांची नाडी बघायला हात पुढे केला.

"माझी नको," अक्का म्हणाल्या. "देवळाच्या ओवरीत माझा भाचा आहे. ताप आहे. जांघेत गाठ आहे. त्याची शाल उंदीर पडलेल्या घरात होती, ती मी जाळली. मीच ठेवली होती तिथं."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "बाई, खुद आकर कोई नहीं बताता," ते म्हणाले. "आप के साथ और कौन हैं?"

अक्कांनी सगळ्यांची नावे सांगितली. मानाजीचेही.

पुढचे सगळे भराभर झाले. डोली आली, शिपाई आले. ओवरीतल्या सगळ्यांना बाहेर काढून माळावर नेले. आजाऱ्यांच्या झोपड्या एकीकडे, निरोग्यांच्या दुसरीकडे, मध्ये दोरी. बायका रडत होत्या. मास्तर अक्कांशी बोलले ते एकच वाक्य.

"सगळ्यांचा घात केलात हो."

अक्कांना निरोग्यांकडे राहायची मुभा होती. पण त्या श्रीपादबरोबर आजाऱ्यांच्या झोपडीत गेल्या. बांबूच्या तट्ट्या, खाली पेंढा, एक बाज. पाणी आणणारा कोण, कुठला, हे अक्कांनी विचारले नाही. आयुष्यभर ज्यांनी परक्याच्या घागरीतले पाणी घेतले नव्हते, त्यांनी ते ओंजळीने प्यायले आणि श्रीपादला पाजले. डॉक्टर गाठीवर जवसाचे पोटीस बांधत आणि चमच्याने काही औषध देत. त्या औषधाचा वास अक्कांना कळला. बाजाराच्या रस्त्याला, दारूच्या दुकानापाशी हाच वास येई. त्यांनी तोंड फिरवले, पण चमचा स्वतःच्याच हातात घेतला.

मानाजीलाही दुसऱ्या दिवशी ताप भरला. त्याची झोपडी शेजारचीच. तट्टीतून त्याचा आवाज येई.

"अक्कासाब, बाईसाहेबांना कळवा, मानाजी महूला हवा खायला राहिला म्हणून."

"बोलू नकोस रे. शक्ती जाते."

"बोललो नाही तर तुम्हांला वाटेल मी गेलो."

श्रीपादला वात झाला होता. तो बॉल अडवायला हात उचली, पाय झाडी, "मास्तर, बाहेरून आला, बाहेरून," असे ओरडे. अक्का त्याचे पाय धरून बसत. गाठ लिंबाएवढी झाली. त्यांनी देवीला नवस बोलायला तोंड उघडले आणि काय बोलायचे ते सुचेना. एवढेच म्हणाल्या, "आई, याला ठेव." तेच पुन्हा पुन्हा.

एके सकाळी शेजारून आवाज आला नाही. अक्कांनी तट्टीवर हात मारला. "मानाजी? अरे मानाजी?" थोड्या वेळाने पलीकडे त्याच्या अंथरुणाचा पेंढा जाळल्याचा धूर निघाला. तेव्हा त्यांचा धीर पार सुटला. त्या श्रीपादच्या नाकापुढे हात धरून बसल्या आणि श्वास लागतो की नाही ते बघत राहिल्या. लागे. मग पुन्हा हात धरत.

शेवटचा सामना होता त्याच दिवशी अण्णा धारहून आले. देवळात कुणी नाही असे बघून पुजाऱ्याला विचारले आणि तसेच टांग्याने माळावर आले. रस्त्याने लोकांचे थवे मैदानाकडे चालले होते. शिपायाने अण्णांना दोरीपाशी अडवले. अक्का झोपडीच्या तोंडाशी आल्या. दोघांच्या मध्ये बरेच अंतर होते, म्हणून ओरडून बोलावे लागले.

"अक्का! पोरगा कुठाय?"

"आत आहे."

"कुणी आणलं इथं? कुणी सांगितलं या लोकांना?"

"मी."

अण्णांना ते ऐकू गेले नाही, किंवा गेले आणि पटले नाही. "कुणी?"

"मी सांगितलं, अण्णा. मी जाऊन सांगितलं."

अण्णा म्हणाले, "आईवेगळं पोर तुझ्या पदरात टाकलं होतं, अक्का."

"टाकलं होतंस. म्हणून मी आत आहे."

"तो जगेल का?"

अक्का परत आत गेल्या.

अण्णा गेले नाहीत. टांगा परत पाठवला आणि दोरीबाहेर एका बाभळीखाली घोंगडी टाकून राहिले. सामना संपला, माणसे परतली, पलटणींचे तंबू उठले, मैदान रिकामे झाले. अक्का अधूनमधून झोपडीच्या तोंडाशी येत, तेव्हा अण्णा उठून उभे राहत. अक्का नुसती मान हलवत. आहे. मग ते पुन्हा बसत. दोघांपैकी कुणीही पुन्हा ओरडून काही विचारले नाही. विचारले आणि वाईट उत्तर आले तर काय, ही भीती दोघांनाही होती.

गाठ फुटली तेव्हा डॉक्टर आत होते. बाहेर येऊन त्यांनी अक्कांना सांगितले की आता बघू, आज बघू. त्या "बघू" शब्दावर अक्कांनी तो सगळा दिवस काढला. श्रीपादचे अंग घामाने निथळले, मग गार पडले. इतके गार पडले की अक्कांना वाटले, झाले. त्यांनी त्याचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि त्याला हाका मारल्या, मोठ्याने, लाजलज्जा सोडून. दोरीपलीकडे अण्णांनी त्या हाका ऐकल्या. ते उभे राहिले आणि मग त्यांनी झोपडीकडे पाठ केली.

बराच वेळ गेला. अक्का बाहेर आल्या. त्यांचा पदर डोक्यावर नव्हता आणि हातात एक पितळी वाटी होती. त्या दोरीच्या दिशेने चालत आल्या, शिपाई जेवढे येऊ देई तेवढ्या.

"अण्णा."

अण्णा वळले नाहीत.

"अरे अण्णा, इकडे बघ. पेज प्याला."

"काय?"

"पेज प्याला. पातळ आहे म्हणून कुरकुरतोय. मीठ मागतोय."

अण्णा वळले. वाटीकडे बघितले, ती रिकामी होती. ते पुढे आले आणि त्यांनी दोरी घट्ट धरली. "हात काढा, हात काढा," शिपाई ओरडला. अण्णांनी हात काढला आणि तिथेच धुळीत बसले. अक्काही दोरीच्या आत, थोड्या अंतरावर, जमिनीवर बसल्या. तिथून दोघांना एकमेकांचे चेहरे नीट दिसत होते.

"मीठ आहे का तुझ्याकडे?" अण्णांनी विचारले.

"आहे," अक्का म्हणाल्या. "पण डॉक्टरांना विचारून देते."